राणीच्या बागेत झाडं बघायला: हिवाळ्यातल्या एका दिवसाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भायखळ्याचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली राणीची बाग, बहुतेकांच्या मनात प्राणिसंग्रहालय म्हणून बसली आहे. इथे मात्र सगळी उत्तरं झाडांच्या बाजूने दिली आहेत. मुंबईत इतकी जुनी, इतक्या जातींची आणि इतक्या जवळून बघता येणारी झाडं दुसरीकडे एकत्र नाहीत, आणि ती बघायला सोबत एक माणूस असावं. का, ते पुढे येईलच.

राणीची बाग खरंच वनस्पती उद्यान आहे का? आम्ही तर पेंग्विन बघायला जातो.

आहे, आणि सुरुवातच तशी झाली. पश्चिम भारतातल्या कृषी-उद्यान संस्थेची जुनी बाग शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेली आणि बाग भायखळ्याला हलली. 19 नोव्हेंबर 1862 रोजी लेडी फ्रियर यांच्या हस्ते ती खुली झाली, तेव्हा तिचं नाव होतं व्हिक्टोरिया गार्डन्स. 1873 मध्ये ती महापालिकेकडे आली. प्राणी नंतरचे. हम्बोल्ट पेंग्विन तर 2016 मध्ये आले आणि 2017 मध्ये लोकांना बघायला मिळाले.

आज सुमारे 50 एकरांच्या आवारात 3,000 च्या आसपास झाडं आहेत आणि त्यांच्या जाती 280 हून अधिक. म्यानमार, मादागास्कर, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा ठिकाणांहून आलेली झाडं इथे शंभर-सव्वाशे वर्षं वाढलेली दिसतात. रोपवाटिकेतलं रोप बघणं वेगळं आणि पूर्ण वाढलेल्या झाडाच्या बुंध्याशी उभं राहणं वेगळं.

हिवाळाच का? मुंबईत थंडी असते कुठे?

कडाक्याची नसते हे खरं. डिसेंबर-जानेवारीत पहाटेचं तापमान साधारण 16 ते 20 अंशांवर येतं आणि दुपारी पुन्हा 30 च्या पुढे जातं. म्हणजे सुखाने चालता येईल असा वेळ सकाळी साधारण अकरा-साडेअकरापर्यंतचा. पण झाडं बघायला हिवाळा चांगला, त्याची कारणं थंडीपलीकडची आहेत.

हवा कोरडी होते, जमिनीतला ओलावा उतरतो आणि पानझडी झाडं पानं टाकू लागतात. आपल्याकडे पानगळ होते ती पाणी वाचवायला, बर्फापासून बचावायला नव्हे. पानं उतरली की फांद्यांची ठेवण, साल, शेंगा, पक्ष्यांची घरटी असं सगळं उघडं पडतं. त्याच वेळी काही झाडं निष्पर्ण फांद्यांवर फुलतात, कारण पानं आड येत नसल्यामुळे पक्ष्यांना फुलं लांबून दिसतात. शिवाय पायवाटा कोरड्या असतात. पावसाळ्यात हीच बाग हिरवीगार असते, पण शेवाळलेल्या कडेवरून घसरायला होतं आणि मान वर केली की डोळ्यांत पाणी.

कोणत्या महिन्यात काय बघायला मिळेल?

फुलं कॅलेंडर पाळत नाहीत, एखाद्या वर्षी पाऊस लांबला तर दोन-तीन आठवडे मागेपुढे होतात. तरी साधारण असं:

नोव्हेंबरात बुचाची पांढरी, लांब नळीची सुवासिक फुलं सकाळी जमिनीवर पडलेली मिळतात. सातवीणही याच सुमारास फुललेली असते. तिचा वास संध्याकाळी इतका उग्र होतो की काहींचं डोकं दुखतं. तसा त्रास असेल तर सकाळीच जा. मादागास्करहून आलेल्या कोल्व्हिलियाचे केशरी घोस नोव्हेंबरात संपत आलेले असतात.

डिसेंबरात फुलं थोडी कमी असतात. हा महिना साल, फळं आणि पानांचा. देशी बदामाची पानं गळण्याआधी लालभडक होतात. गोरखचिंच उघडी पडू लागते.

जानेवारीच्या मध्यापासून खरा बहर सुरू होतो: काटेसावर, पांगारा, सीतेचा अशोक आणि नशीब असेल तर उर्वशी. फेब्रुवारीत हे सगळं जोरात असतं, पण तोवर अकरालाच ऊन तापायला लागतं. एकच दिवस निवडायचा असेल तर जानेवारीच्या शेवटच्या पंधरवड्यातला, आठवड्यातल्या मधल्या वारी येणारा दिवस निवडा.

बुधवारी गेलो तर?

परत यावं लागेल. बाग बुधवारी बंद असते. आवारातच पुढच्या बाजूला असलेलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारी बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात, त्यामुळे सुट्टीच्या आठवड्यात गुरुवारी जाण्याआधी खात्री करा.

प्रवेशाची वेळ सकाळी साडेनऊपासून धरा. संध्याकाळी पाचनंतर तिकीट मिळेल या भरवशावर येऊ नका. 2017 पासून मोठ्यांना 50 रुपये, 3 ते 12 वयाच्या मुलांना 25 रुपये आणि आई-वडील व दोन मुलं अशा कुटुंबाला 100 रुपये असा दर आहे. दर बदलू शकतो, म्हणून निघण्याआधी महापालिकेच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

टाळायचे दिवस: शनिवार-रविवार, नाताळची सुट्टी आणि 1 जानेवारी. त्या दिवसांत तिकिटाची रांग रस्त्यावर येते आणि आत झाडाखाली थांबून वर बघणंही अवघड होतं. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार सकाळ सगळ्यात उत्तम. फक्त जानेवारी-फेब्रुवारीत शाळांच्या सहली असतात. त्या बहुधा सरळ प्राण्यांकडे जातात, तेव्हा साडेदहा ते बारा तुम्ही उलट दिशेला असलात की झालं.

कसं पोचायचं?

मध्य रेल्वेचं भायखळा स्थानक. धीम्या गाड्या तर थांबतातच, जलदही थांबतात. पूर्वेला उतरून पाच ते दहा मिनिटं चालायचं. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांनी दादरला गाडी बदलावी. रविवारी मेगाब्लॉक असतो, हे रविवार टाळण्याचं आणखी एक कारण.

स्थानकावर दोन मिनिटं थांबा. तिथली इमारत 1857 ची आहे, देशातल्या जुन्या स्थानक-इमारतींपैकी एक. तिच्या जीर्णोद्धाराला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला आहे. दोघांना वेगवेगळ्या दिशेने यायचं असेल तर भेटायला हीच जागा बरी. बागेच्या फाटकावर गर्दीत एकमेकांना शोधण्यात अर्धा तास जातो.

सोबत कुणी असायलाच हवं का? एकट्याने झाडं बघता येत नाहीत?

येतात. पण दोघं असले की तिप्पट दिसतं. एकाची नजर जमिनीवर, दुसऱ्याची शेंड्यावर. एकाने दुर्बीण धरायची, दुसऱ्याने पक्षी कुठल्या फांदीवर आहे ते सांगायचं. बुंध्याचा घेर मोजायला दोरीची दोन टोकं दोन हातांत लागतात, उंची मोजायला सावली पाडणारं माणूस लागतं. आणि फूल हातात घेऊन "हे काय आहे?" असं मोठ्याने विचारलं की आपोआप नीट बघितलं जातं.

दोनच्या वर माणसं मात्र नकोत. चौघं झाले की गप्पा झाडांवरून उडतात.

मैत्रिणीला झाडांत अजिबात रस नाही. तिला कसं न्यायचं?

"झाडं बघायला चल" म्हणून नेऊ नका आणि आत गेल्यावर नावं सांगत सुटू नका. नावं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग असतो, तो शेवटी यावा. पहिलं झाड असं निवडा, ज्याच्याबद्दल काही सांगावंच लागत नाही. कैलासपती त्यासाठी उत्तम. फुलं थेट बुंध्यावर, शेजारी तोफगोळ्याएवढी फळं, आणि खाली पडलेल्या फुलाला मंद गोड वास. ते फूल तिच्या हातात द्या आणि गप्प बसा.

दुसरी गोष्ट, झाडं कमी ठेवा. तीन तासांत सहा ते आठ झाडं पुरे. प्रत्येकाशी दहा-पंधरा मिनिटं. चाळीस पाट्या वाचत फिरलेल्या माणसाला संध्याकाळी एकही झाड आठवत नाही.

मग ती सहा-आठ झाडं कोणती?

आमची निवड अशी. बागेत पाट्या आहेत, पण सगळ्या झाडांवर नाहीत. त्यामुळे ओळखायच्या खुणाही देत आहोत.

*गोरखचिंच.* मूळची आफ्रिकेची. बुंधा प्रचंड जाड, साल करडी आणि गुळगुळीत. हिवाळ्यात पानं गळतात, तेव्हा पंजासारखी संयुक्त पानं शोधत बसू नका. लांब देठाला लोंबणारी, मखमली लव असलेली फळं शोधा. खोडातलं लाकूड मऊ आणि सच्छिद्र असतं, त्यात पाणी साठतं आणि कोरडे महिने निघतात. पांढरी मोठी फुलं पावसाळ्यात, संध्याकाळी उमलतात. ती वटवाघळांसाठी असतात. हिवाळ्यात फूल दिसलं नाही म्हणून हिरमुसू नका, या झाडाचा बांधा बघायचा ऋतू हाच.

*कैलासपती.* दक्षिण अमेरिकेचं झाड. आपल्याकडे महादेवाशी जोडलं गेलं, कारण फुलाच्या मधल्या भागावर केसरांचा एक फणा वाकलेला असतो. भिंग काढा आणि दोन प्रकारचे पुंकेसर बघा. मधल्या चकतीभोवतीच्या आखूड केसरांतले परागकण बीजधारणेसाठी, आणि फण्यावरचे कीटकांना खाऊ म्हणून. कीटक फण्यातलं खायला आत शिरतो तेव्हा त्याच्या पाठीला खालचे, कामाचे परागकण लागतात. बहुतेक वर्षभर फुलं असतात. फळाखाली उभं राहू नका, ती काही किलोंची असतात आणि सूचना न देता पडतात. पडून फुटलेलं फळ दिसलं तर लांबूनच बघा. गर हवा लागताच निळसर होतो आणि त्याला भयंकर दुर्गंधी येते.

*उर्वशी.* शास्त्रीय नाव आम्हर्स्टिया नोबिलिस. म्यानमारमधलं हे झाड वनस्पतिशास्त्रज्ञ नाथॅनिएल वॉलिक यांनी 1827 मध्ये एका मठाच्या आवारात बघितलं आणि लेडी आम्हर्स्ट व त्यांच्या मुलीच्या सन्मानार्थ त्याला नाव दिलं. रानात ते फारच क्वचित सापडलं आहे. लाल-गुलाबी फुलांचे लांब घोस फांदीवरून झुंबरासारखे खाली लोंबतात आणि मोठ्या पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका असतो. बहर साधारण जानेवारी ते मार्च. फुलं नसतील तर कोवळी पालवी शोधा, तांबूस रंगाची आणि मरगळून लोंबणारी. झाड सुकलंय असं वाटतं, पण ते तसंच असतं. काही दिवसांत ती पानं हिरवी होऊन ताठ होतात. शेंग क्वचितच धरते, म्हणून रोपं बहुधा गुटी बांधून, म्हणजे झाडावरच्या फांदीला मुळं फोडून, करतात, आणि म्हणूनच हे झाड बागांतही दुर्मीळ राहिलं.

*सीतेचा अशोक.* सोसायट्यांच्या कुंपणाला उंच, सरळसोट वाढतो तो आसुपालव. त्याला अशोक म्हणतात, पण तो वेगळा. खरा अशोक मध्यम उंचीचा, पसरट, गर्द सावलीचा. केशरी फुलांचे गुच्छ जुन्या फांद्यांवरही येतात. फूल जवळून बघा. पाकळ्या नाहीतच, रंग आहे तो निदलपुंजाचा, म्हणजे कळीच्या बाहेरच्या आवरणाचा, आणि त्यातून लांब केसर बाहेर आलेले. एकाच गुच्छात पिवळसर, केशरी आणि लाल रंग दिसतात, कारण फूल जुनं होत जाईल तसं लाल होतं.

*कृष्णवड.* वडाचाच प्रकार, पण पानाच्या बुडाशी खिसा असतो, त्यात पाणी राहतं. कृष्णाने लोणी लपवलं ते याच पानात, असं सांगतात. पान ओरबाडू नका. खाली वाळलेलं पान हमखास मिळतं आणि त्यातही खिसा शाबूत असतो.

*काटेसावर.* जानेवारीअखेर पानं नाहीत आणि लाल, जाडजूड पाकळ्यांची फुलं. इथे निदान वीस मिनिटं बसा. मध भरपूर आणि फूल मजबूत, त्यामुळे साळुंख्या, कावळे, शिंजीर, पोपट, तांबट असे सगळे येतात. हिवाळी पाहुण्या भोरड्या म्हणजे गुलाबी मैनाही सावरीवर थव्याने उतरतात. झाड म्हातारं असेल तर बुंध्यावरचे काटे झिजून नुसते गड्डे उरलेले दिसतील, कोवळ्या फांद्यांवर मात्र टोकदार काटे असतात.

वेळ उरला तर कोल्व्हिलियाच्या शेंगा आणि ब्राउनियाचे लालभडक गेंद शोधा. ब्राउनियाचे गेंद पानांच्या आत दडलेले असतात, बाहेरून झाड रिकामं वाटतं. फांद्यांच्या आत वाकून बघायचं.

झाड बघायचं म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी जमीन. पडलेली फुलं, पाकळ्या, शेंगा, पानं, पक्ष्यांनी अर्धवट खाल्लेली फळं यांवरून वर काय चाललंय ते कळतं. उंच झाडाचं फूल तुम्हाला हातात मिळणार आहे ते खालीच. मग बुंधा: साल खडबडीत आहे, भेगाळलेली आहे की सोलली जाते? मग दहा-पंधरा पावलं मागे जाऊन पूर्ण आकार. शेवटी पान.

पानात सगळ्यांची एक चूक होते: पर्णिकेला पान समजलं जातं. चिंचेची ती बारीक हिरवी चकती म्हणजे पान नव्हे, पानाचा एक तुकडा. ओळखायची खूण सोपी आहे. पान फांदीला जिथे जुळतं त्या बगलेत कळी असते. चकतीच्या बुडाशी कळी नसेल तर अजून मागे जा, कळी सापडेल तिथून पुढचं सगळं मिळून एक पान. ही एक गोष्ट जमली की निम्म्या झाडांची ओळख सोपी होते, आणि मोबाइलवरची झाडं ओळखणारी ॲप्स जिथे फसतात तिथे तुम्ही फसत नाही.

बुंध्याचा घेर आणि उंची कशी मोजायची?

घेरासाठी 10 मीटर सुतळी आणि शिंप्याची टेप न्या. जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीशी, सुतळी गुंडाळायची. एकाने टोक धरून ठेवायचं, दुसऱ्याने झाडाभोवती फिरून यायचं. सुतळी आडवी हवी, तिरकी गेली की माप वाढतं. सुतळी टोकाला येऊन मिळते तिथे चिमटीत धरून खाली टेपवर मोजा. घेराला 3.14 ने भागलं की जाडी मिळते. बुंध्याशी मोठी आधारमुळं असतील किंवा वडासारख्या पारंब्या चिकटलेल्या असतील तर हे माप फसवं येतं, ते तसं लिहून ठेवा. बुंध्याभोवती कठडा किंवा वाफा असेल तर आत शिरू नका, मुळांवरची माती दबते.

उंची सावलीवरून. सोबत्याची उंची माहीत हवी. समजा ती 165 सेंमी आहे आणि साडेदहाच्या सुमारास तिची सावली 220 सेंमी पडली. त्याच वेळी झाडाची सावली पावलांनी मोजली, ती 24 मीटर भरली. 24 ला 165 ने गुणून 220 ने भागा: 18 मीटर. दोन्ही सावल्या पाच मिनिटांच्या आत मोजा, नाहीतर सूर्य सरकतो आणि गणित चुकतं. सावली बुंध्याच्या मधोमध धरून मोजायची, पानोऱ्याच्या कडेपासून नाही. जमीन उताराची असेल तर हा मार्ग सोडा.

इथेही हिवाळा कामी येतो. 22 डिसेंबरला साडेनऊ वाजता मुंबईत सावली उंचीच्या जवळजवळ दुप्पट असते आणि साडेबाराच्या सुमारास, सूर्य सर्वांत वर असतानाही, उंचीच्या नऊ-दशांश. उन्हाळ्यात भर दुपारी सावली पायाखाली गोळा होते, तेव्हा मोजणार काय?

सोबत काय न्यायचं?

10 पट भिंग (दुर्बिणीपेक्षा हे आधी घ्या), असल्यास 8×42 ची दुर्बीण, वही, पेन्सिल, सुतळी, टेप. पेनची शाई दवात आणि घामात पसरते, म्हणून पेन्सिलच. प्रत्येकी एक लिटर पाणी, स्टीलच्या बाटलीत. हवा कोरडी असल्यामुळे घाम जाणवत नाही, पण पाणी लागतं. बागेत प्लास्टिकला मनाई आहे, त्यामुळे पिशव्या, वेष्टनं घरीच ठेवा. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे, टोपी, बंद बूट. स्वेटर नको, लोकलमध्येच काढावा लागतो आणि मग दिवसभर हातावर ओझं होतं. सकाळपुरती पातळ ओढणी किंवा उपरणं पुरतं.

डासांचं मलम घरून लावून निघा. दाट सावलीत, पाण्याच्या कडेला डास हिवाळ्यातही असतात, आणि डास चावायला लागले की कुणी पंधरा मिनिटं झाडाखाली थांबत नाही.

खाण्याचं काय?

पिकनिकचा बेत बागेत नको. डबा उघडून बसलं की कावळे आणि मांजरं येतात, उरलेलं तिथेच पडतं. प्राण्यांच्या भागात तर खाणं काढूच नका. निघण्याआधी घरून भरपेट न्याहारी करा, थालीपीठ-दही सर्वात चांगलं, एकपर्यंत भूक लागत नाही. मध्ये तोंडात टाकायला तिळाचे लाडू किंवा चिक्की. जेवण बाहेर पडल्यावर भायखळ्यातच करा, इराणी हॉटेलांपासून थाळीपर्यंत सगळं जवळपास मिळतं.

फुलं-पानं घरी आणता येतात का?

तोडणं चालत नाही, आणि चालू नये. खाली पडलेलं फूल उचला, भिंगातून बघा, फोटो काढा आणि तिथेच ठेवा. बियाही सोडा. उर्वशी किंवा कृष्णवड बीवरून घरच्या कुंडीत होईल ही आशा तशीही फोल आहे.

मुलं सोबत असतील तर एक नियम कडक ठेवा: तोंडात काहीही नाही. पिवळ्या कण्हेरीच्या बिया आणि गुंजा विषारी असतात, आणि दोन्ही मुलांना खेळायला आवडतील अशाच दिसतात.

फोटो का बिघडतात?

हिवाळ्यात सकाळी मुंबईवर धुरकं असतं. लांबचं झाड फिकट, पांढुरकं येतं. जवळ जाऊन भागांचे फोटो काढा, पूर्ण झाडाचा फोटो अकराच्या सुमारास, धुरकं कमी झाल्यावर. लाल फुलं (काटेसावर, ब्राउनिया) मोबाइलवर एकसलग लाल डाग होऊन येतात, पाकळ्यांच्या रेषा जातात. मोबाइलच्या पडद्यावर फुलावर बोट टेकवून उजेडाची पट्टी थोडी खाली ओढा.

नंतर ओळख पटवायची असेल तर पाच फोटो हवेत: पूर्ण झाड, सालीचा जवळून, पानाची दोन्ही अंगं आणि देठ फांदीला जुळतो ती जागा, फूल किंवा फळ, आणि झाडाखालची जमीन. नुसत्या फुलाच्या फोटोवरून नाव विचारणाऱ्याला बहुधा चुकीचं नाव मिळतं. प्रमाणासाठी फुलाशेजारी नाणं किंवा पेन्सिल ठेवा.

दम्याचा त्रास आहे. जावं का?

आदल्या संध्याकाळी आणि निघताना हवेचा निर्देशांक बघा. डिसेंबर-जानेवारीत वारा पडला की सकाळी हवा खराब असते, झाडांच्या गर्दीतही. निर्देशांक 200 च्या वर असेल तर दिवस बदला. समुद्राकडून वारे सुरू झाले की एक-दोन दिवसांत फरक पडतो. औषधाचा फवारा (इनहेलर) जवळ ठेवा.

आई सत्तरीची आहे, तिला चालवेल का?

वाटा बहुतेक सपाट आणि पक्क्या आहेत, बाकंही आहेत. मात्र पूर्ण बाग फिरण्याचा हट्ट नको. सुरुवातीच्या भागातली दोन-तीन झाडं, मग संग्रहालय, एवढं पुरे. मान वर करून फार वेळ बघितलं की ज्येष्ठांना चक्कर येते. उंच झाड बाकावर बसून, थोडं लांबून बघावं.

दुपारी ऊन चढल्यावर काय?

साडेबारा वाजले की भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरा, तिकीट वेगळं आहे. 1872 मध्ये खुली झालेली ही इमारत मुंबईतलं सर्वात जुनं संग्रहालय आहे. 1975 मध्ये तिला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव दिलं गेलं. जुन्या मुंबईचे नकाशे, मातीच्या प्रतिकृती, कारागिरीच्या वस्तू बघायला तास-दीड तास सहज जातो.

बाहेर दगडी हत्ती आहे, तो चुकवू नका. घारापुरीला ज्याच्यावरून इंग्रजी नाव पडलं, तोच हा. 1864 मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना यारी तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे इथे आणून 1914 मध्ये जोडले. बागेच्या आवारातच सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळाही आहे, तो 1965 मध्ये काळा घोडा चौकातून हलवलेला.

महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन याच बागेत असतं ना? तेव्हाच गेलं तर?

हो, दरवर्षी जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला तीन दिवस. कुंड्या, बोन्साय, भाज्या, फुलांचे देखावे सुंदर असतात आणि रोपं, खतं, अवजारं एकाच ठिकाणी बघायला मिळतात. पण त्या तीन दिवसांत जुन्या झाडांसाठी जाऊ नका, गर्दी अफाट असते. दोन्ही हवं असेल तर पहिल्या दिवशी, शुक्रवारी, उघडल्या उघडल्या प्रदर्शन बघा आणि झाडांसाठी पुढच्या आठवड्यात पुन्हा या. तोवर काटेसावर आणखी फुललेली असेल.

पुण्यात राहतो. मुंबईला यायलाच हवं का?

नाही. पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे, तिथली जुनी झाडं आणि गारंबीचा महाकाय वेल हिवाळ्यात निवांत बघता येतो. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास तिथेही फुलांचं प्रदर्शन भरतं, तेव्हा तोही आठवडा टाळा. पुण्यात थंडी जास्त, म्हणजे सकाळचा चालायचा वेळ बारापर्यंत वाढतो आणि तिथे स्वेटर खरोखर लागतो. वर सांगितलेलं सुतळीचं, सावलीचं आणि पानाच्या बगलेतल्या कळीचं तंत्र तिथे जसंच्या तसं चालेल. फक्त सावलीचं माप घेताना दाट पानोऱ्याखालची जागा सोडून, सावली मोकळ्या जमिनीवर पडणारं झाड निवडा.